जुन्या प्रोग्रामांत फाइलचा पूर्ण पाथ कसा मिळवायचा: व्हीबी 6, फॉक्सप्रो आणि टर्बो सी

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये केलेला बिल्टीचा प्रोग्राम चालतो. ऑपरेटर बिल्टीची स्कॅन केलेली प्रत खिडकीतून निवडतो, पण ॲक्सेसच्या टेबलात फक्त फाइलचे नाव जाते. नंतर तीच प्रत बघायला गेले की कधी उघडते, कधी एरर 53 येते: फाइल सापडत नाही. शेजारच्या मशीनवर मात्र सगळे नीट. याच ऑफिसात हिशोबाचा फॉक्सप्रोचा प्रोग्राम आणि डॉट मॅट्रिक्सवर पावती छापणारा टर्बो सीचा छोटा प्रोग्रामही आहे. तिन्हींत फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्ह आणि फोल्डरांसकट पत्ता, कसा काढायचा?

(फंक्शनांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायची.)

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. नुसत्या नावावरून पाथ निघत नाही. ‘बी1047.जेपीजी’ या अक्षरांत ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे याची काहीही खूण नाही. ‘नाव द्या, पूर्ण पाथ घ्या’ असे म्हणणारी जी फंक्शने आहेत त्यांतली बहुतेक डिस्कवर फाइल शोधायला जातच नाहीत. त्या क्षणी प्रोग्रामची जी चालू डिरेक्टरी (तो ज्या फोल्डरात उभा आहे ते फोल्डर) असेल ती घेतात, तिच्यापुढे तुमचे नाव चिकटवतात आणि परत देतात. फाइल तिथे नसली तरी देतात. म्हणून खरा प्रश्न ‘पूर्ण पाथ कोणत्या फंक्शनने मिळतो’ हा नाही, ‘हे नाव कुठून मोजायचे’ हा आहे. फाइल निवडली गेली त्या क्षणी पाथ हातात असतो. तो तेव्हाच धरून ठेवला नाही, तर पुढे सगळा अंदाजाचा कारभार.

तुमच्याकडे कधी उघडते आणि कधी नाही, याचे कारण हेच. फाइल निवडण्याची विंडोजची खिडकी, म्हणजे कॉमन डायलॉग, फाइल निवडताच प्रोग्रामची चालू डिरेक्टरी त्या फाइलच्या फोल्डरावर नेऊन ठेवते. त्यामुळे निवडल्यावर लगेच नुसत्या नावाने फाइल उघडली तर उघडते. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, किंवा मधे दुसऱ्या फोल्डरातली फाइल निवडली, की चालू डिरेक्टरी बदललेली असते आणि तेच नाव सापडत नाही. शेजारच्या मशीनवर चालते, कारण बहुधा तिथल्या शॉर्टकटच्या ‘स्टार्ट इन’ चौकटीत स्कॅनचेच फोल्डर लिहिलेले आहे. शॉर्टकटवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि दोन्ही मशीनवरची ती चौकट ताडून बघा. पाच मिनिटांत उलगडा होईल.

चालू डिरेक्टरी किती चंचल असते ते ध्यानात असू द्या. एक्सप्लोररमधून एक्झीवर (प्रोग्रामच्या मूळ फाइलीवर) डबल क्लिक केले तर ती एक्झीच्या फोल्डरात असते. शॉर्टकटवरून चालवले तर ‘स्टार्ट इन’मध्ये लिहिलेली. टास्क शेड्युलरवरून चालवले आणि तिथली ‘स्टार्ट इन’ची जागा रिकामी सोडली, तर बहुतेक वेळा विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरात. प्रोग्राम तोच, मशीन तेच, सुरुवात तीन वेगळ्या ठिकाणांहून.

कॉमन डायलॉगच्या कंट्रोलमध्ये दोन प्रॉपर्टी आहेत आणि तुमच्या प्रोग्राममध्ये नेमकी चुकीची वापरली गेली आहे. ‘फाइलटायटल’मध्ये नुसते नाव येते, ‘फाइलनेम’मध्ये ड्राइव्हसकट पूर्ण पाथ येतो. ज्या ओळीत टेबलात नाव भरले जाते तिथे फाइलटायटलच्या जागी फाइलनेम घाला, इथून पुढच्या नोंदी सुधारतील. मात्र आणखी तीन गोष्टी सोबत कराव्या लागतात.

पहिली, खिडकी उघडण्याआधी फाइलनेम रिकामे करा. कॅन्सलएरर हे ‘फॉल्स’ असेल आणि ऑपरेटरने कॅन्सल दाबले, तर फाइलनेममध्ये मागच्या वेळची फाइल तशीच राहते, आणि नव्या बिल्टीला जुन्याच बिल्टीची प्रत चिकटते. ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कॅन्सलएरर ‘ट्रू’ ठेवले तर कॅन्सलवर एरर 32755 येते; ती पकडून प्रोसिजरमधून बाहेर पडा. दुसरी, खिडकीच्या आधी कर-डिर (चालू डिरेक्टरी देणारे फंक्शन) याचे उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि नंतर चालू डिरेक्टरी पूर्ववत करा. ‘नोचेंजडिर’ नावाचा फ्लॅग आहे, किंमत 8. पण फाइल उघडण्याच्या खिडकीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतही तो तिथे निरुपयोगी असल्याचे लिहिले आहे. आणि पूर्ववत करताना नुसते चेंज-डिर पुरत नाही. चेंज-डिर डिरेक्टरी बदलते, ड्राइव्ह बदलत नाही. त्यासाठी चेंज-ड्राइव्ह वेगळे द्यावे लागते, आणि ते नेटवर्कच्या दुहेरी बॅकस्लॅशच्या पाथवर चालत नाही. सरळ सेट-करंट-डिरेक्टरी हे कर्नल32मधले एपीआय फंक्शन (विंडोजने प्रोग्रामांसाठी दिलेले) वापरा. ते एका फटक्यात ड्राइव्ह आणि डिरेक्टरी दोन्ही बदलते.

तिसरी गोष्ट एकदम अनेक फाइली निवडू देत असाल तरच लागते. मल्टिसिलेक्टबरोबर एक्सप्लोररचा फ्लॅग दिला नाही, तर फाइलनेममध्ये सगळी नावे मधे रिकामी जागा सोडून आणि आखूड रूपात येतात. एक्सप्लोररचा फ्लॅग दिला तर शून्य क्रमांकाच्या अक्षराने विलग केलेली यादी येते: आधी फोल्डर, मग एकेक नाव. स्प्लिट फंक्शनने तोडा आणि शून्याव्या तुकड्याला पुढचा प्रत्येक तुकडा जोडा. पण ऑपरेटरने एकच फाइल निवडली तर ही यादी नसतेच, थेट एक पूर्ण पाथ असतो. म्हणून आधी तुकडे किती झाले ते बघायचे. मॅक्सफाइलसाइझ मुळात 256 असते. पंधरा-वीस फाइलींना ते अपुरे पडते, 32000 च्या आसपास करून टाका.

फाइल ड्रॅग करून फॉर्मवर सोडू देत असाल तर ओएलई ड्रॅगड्रॉप इव्हेंटमधल्या ‘डेटा.फाइल्स’मध्ये पूर्ण पाथच मिळतो. फाइल-लिस्टबॉक्स वापरला असेल तर त्याचा ‘पाथ’ आणि ‘फाइलनेम’ जोडावे लागतात. डिर फंक्शन मात्र नेहमी नुसते नाव देते, त्याला पूर्ण पाथ देऊन विचारले तरी. म्हणून ज्या फोल्डरासाठी डिर चालवले ते फोल्डर व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचे.

जोडताना बॅकस्लॅशची गंमत कळून घ्या. ‘ॲप.पाथ’ ‘डी:\बिल्टी’ असे शेवटी बॅकस्लॅश न लावता येते, पण प्रोग्राम ड्राइव्हच्या मुळाशीच ठेवला असेल तर ‘डी:\’ असे बॅकस्लॅशसकट येते. लिस्टबॉक्सच्या पाथचेही तेच. म्हणून शेवटचे अक्षर राइट फंक्शनने तपासा आणि नसेल तरच बॅकस्लॅश जोडा. हे काम एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा. ‘डी:\\बी1047.जेपीजी’ असा दुहेरी बॅकस्लॅश झाला तरी विंडोज बहुतेक वेळा चालवून घेते, त्यामुळे चूक दिसत नाही. पण टेबलात तसा पाथ गेला की पुढे दोन पाथ ताडून बघताना ते वेगळे ठरतात.

ॲप.पाथबद्दल एवढेच की ते एक्झीचे फोल्डर देते, डेटाचे नव्हे. आयडीईमध्ये (कोड लिहिण्याच्या व्हीबीच्या खिडकीत) चालवताना ते प्रोजेक्ट फाइलचे फोल्डर देते, म्हणून तुमच्या मशीनवर चालते आणि ऑफिसात बसवल्यावर चालत नाही, असे होते. गेट-मॉड्यूल-फाइल-नेम वापरून बघाल तर आयडीईमध्ये व्हीबी 6 च्याच एक्झीचा पाथ मिळेल, त्याने गोंधळू नका.

आणि प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवला असेल तर विंडोज व्हिस्टापासून पुढे आणखी एक पेच आहे. व्हीबी 6 च्या एक्झीला मॅनिफेस्ट (कोणते हक्क हवेत हे विंडोजला सांगणारी नोंद) नसते. असा प्रोग्राम साध्या यूजरच्या खात्यातून तिथे फाइल लिहायला गेला, तर विंडोज त्याला अडवत नाही. ती फाइल गुपचूप दुसरीकडे वळवते: सी:\यूजर्स, यूजरचे नाव, ॲपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर, आणि त्याखाली प्रोग्राम फाइल्सची प्रतिकृती. प्रोग्रामला विचारले तर तो पाथ प्रोग्राम फाइल्सचाच सांगतो आणि फाइल उघडूनही दाखवतो. एक्सप्लोररमध्ये त्या जागी गेले तर फाइल नाही. दुसऱ्या यूजरने लॉगिन केले तर त्यालाही नाही. पाथ बरोबर आणि फाइल गायब अशी तक्रार आली की आधी व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघायचे. कायमचा उपाय म्हणजे डेटा प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवायचाच नाही.

आता अर्धवट पाथ हातात आहे आणि पूर्ण करायचा आहे, उदाहरणार्थ आयएनआय फाइलीत (सेटिंग्जच्या साध्या मजकूर फाइलीत) ‘..\स्कॅन\बी1047.जेपीजी’ लिहिलेले आहे, तेव्हा गेट-फुल-पाथ-नेम उपयोगी. व्हीबीत ते असे वापरतात:

बफर = स्ट्रिंग$(260, 0)
लांबी = गेटफुलपाथनेम(नाव, 260, बफर, भाग)
पूर्ण = लेफ्ट$(बफर, लांबी)

260 हा आकडा विंडोजची पाथची मर्यादा आहे, शेवटचे शून्य अक्षर धरून. उत्तर 0 आले तर चूक झाली. 260 पेक्षा मोठे आले तर बफर पुरला नाही आणि तो आकडा म्हणजे लागणारी जागा. तिसरी ओळ विसरणे ही नेहमीची चूक. बफरच्या शेपटीला शून्य अक्षरे लटकलेली राहतात. मेसेजबॉक्स पहिल्या शून्याशीच थांबतो, त्यामुळे पाथ दिसायला अचूक दिसतो. पण त्याला पुढे काही जोडले की जोडलेला भाग दिसतच नाही, आणि माणूस तासभर जोडणीच्या ओळीकडे बघत बसतो.

चौथ्या पॅरामीटरवर लक्ष द्या. जुन्या डिक्लेअर ओळींत तो ‘बायव्हॅल स्ट्रिंग’ असा दिसतो. ते चुकीचे आहे. तिथे विंडोज नावाच्या सुरुवातीचा मेमरी पत्ता लिहिते, म्हणून तो ‘लाँग’ जाहीर करा. तो पत्ता वापरूही नका: व्हीबी स्ट्रिंगची तात्पुरती आन्सी (युनिकोडच्या आधीच्या अक्षरपद्धतीतली) प्रत करून एपीआयला देते, आणि कॉल संपला की ती प्रत राहत नाही, म्हणजे पत्ता मोकळ्या जागेचा उरतो. नाव वेगळे हवे तर इन-स्ट्र-रेव्ह वापरून शेवटचा बॅकस्लॅश शोधा. इन-स्ट्र-रेव्ह व्हीबी 6 मध्ये आले; व्हीबी 5 मध्ये मागून लूप चालवावा लागतो.

एपीआयच्या फंदात पडायचे नसेल तर फाइल-सिस्टम-ऑब्जेक्ट या विंडोजच्या तयार घटकाचे गेट-ॲब्सोल्यूट-पाथ-नेम हेच काम करते. गेट-पेरंट-फोल्डर-नेम फोल्डर देते, बिल्ड-पाथ बॅकस्लॅशची काळजी घेऊन जोडणी करते. तेही फाइल आहे की नाही हे बघत नाही. त्यासाठी फाइल-एक्झिस्ट्स वेगळे विचारा. ही तपासणी सोडू नका, कारण ‘ओपन … फॉर बायनरी’ने नसलेली फाइल उघडायला गेलात तर एरर येत नाही, शून्य बाइटची नवी फाइल तयार होते. ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा पेन ड्राइव्हवर शून्य बाइटच्या जेपीजी फाइली विखुरलेल्या दिसल्या, तर प्रोग्राम चालू डिरेक्टरीवर विसंबून होता याचा तो पुरावाच.

एक बारकावा: ‘डी:बी1047.जेपीजी’ आणि ‘डी:\बी1047.जेपीजी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोलननंतर बॅकस्लॅश नसेल तर अर्थ ‘डी ड्राइव्हवरच्या चालू डिरेक्टरीतली फाइल’ असा होतो. डॉसच्या काळापासून प्रत्येक ड्राइव्हची चालू डिरेक्टरी वेगळी राखली जाते, आणि ही पद्धत विंडोजमध्येही टिकून आहे.

आखूड नावांवर थोडे सविस्तर, कारण इथे होणारे नुकसान उशिरा कळते. पाथमध्ये ‘~1’ दिसले तर ते आठ-तीनच्या साच्यातले आखूड नाव आहे. समजा स्कॅनच्या फोल्डरात शाखेप्रमाणे इंग्रजीत ‘नाशिक रोड’ आणि ‘नाशिक सिटी’ अशी दोन फोल्डरे आहेत. नाशिकची इंग्रजी अक्षरे बरोबर सहा. विंडोज पहिली सहा अक्षरे घेते, टिल्ड लावते आणि आकडा देते. जे फोल्डर आधी तयार झाले ते ‘नाशिक~1’, नंतरचे ‘नाशिक~2’. म्हणजे आकडा शाखेचा नाही, जन्माच्या क्रमाचा आहे. आता हार्ड डिस्क बदलली आणि बॅकअप नव्या डिस्कवर उतरवला. कॉपी करताना फोल्डरे बहुधा वर्णानुक्रमे तयार होतात. ‘सिटी’चे इंग्रजी स्पेलिंग सी-ने सुरू होते, म्हणून ते आधी. तिथे ‘नाशिक~1’ आता सिटी झाले. टेबलात आखूड पाथ साठवलेले असतील तर नाशिक रोडची बिल्टी उघडायला गेल्यावर सिटीच्या फोल्डरात शोध होतो. आणि तिथेही ‘बी1047’ असेल तर एरर न येता दुसऱ्याच पार्टीची बिल्टी पडद्यावर येते. म्हणून आखूड पाथ टेबलात कधीही साठवू नका. साठवण्याआधी गेट-लाँग-पाथ-नेममधून काढा. ते चालायला फाइल प्रत्यक्ष असावी लागते, आणि हे फंक्शन विंडोज 98 आणि विंडोज 2000 पासून आहे. विंडोज 95 वर बोलावले तर व्हीबी एरर 453 देते. तिथे पाथचा एकेक टप्पा डिरला देऊन लांब नाव मिळवावे लागते.

जुन्या प्रोग्रामना रिकामी जागा असलेला पाथ झेपत नाही म्हणून लोक मुद्दाम आखूड नावे देतात. त्याऐवजी पाथ दुहेरी अवतरणचिन्हांत द्या. आणि कमांड फंक्शनमधून आलेल्या पाथभोवती तीच अवतरणचिन्हे असतात, ती आधी काढून टाका. नाहीतर पाथ चुकीचा म्हणून एरर 52 किंवा 53.

फोल्डराचे नाव मराठीत असेल तर काय, हाही प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. व्हीबी 6 ची स्ट्रिंग आत युनिकोडच असते, पण डिर, ओपन, कॉमन डायलॉगचे कंट्रोल आणि ‘ए’ने संपणारी एपीआय फंक्शने बाहेर जाताना आन्सीत रूपांतर करतात. देवनागरीसाठी विंडोजचे आन्सी कोडपेजच नाही, ती फक्त युनिकोडमध्ये आहे. त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. ‘बिल्टी’ लिहिलेले फोल्डर सहा प्रश्नचिन्हे होऊन समोर येते, कारण वेलांट्या आणि हलंतही स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजली जातात. आणि प्रश्नचिन्ह हे डिरमध्ये ‘कोणतेही एक अक्षर’ असे वाइल्डकार्ड आहे, म्हणून असा पाथ डिरला दिला तर दुसरीच एखादी फाइल ‘सापडली’ असे उत्तर येऊ शकते. रीजनल सेटिंगमध्ये मराठी निवडून हे सुटत नाही. फाइल-सिस्टम-ऑब्जेक्ट पूर्ण युनिकोड आहे, त्याने पाथ मिळवा. ओपननेच फाइल उघडायची असेल तर त्या फाइलची ‘शॉर्टपाथ’ प्रॉपर्टी तेवढ्यापुरती वापरा. ती इंग्रजी अक्षरांत असते, आणि उघडून झाल्यावर फेकून द्यायची. मात्र त्या डिस्कवर आखूड नावे तयार करणे बंद केलेले असेल तर ही वाट नाही. निवडण्याची खिडकीही हवी असेल तर गेट-ओपन-फाइल-नेमचे ‘डब्ल्यू’ रूप स्ट्रिंग-पॉइंटर देऊन बोलवावे लागेल. नव्याने सुरुवात करणार असाल तर फोल्डरांची नावे इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि मराठी नाव टेबलात. जुन्या प्रोग्रामपुरता हाच शहाणा मार्ग.

स्कॅन सर्व्हरवर असतील आणि प्रत्येक मशीनवर ते ‘एफ:’ म्हणून जोडलेले असतील, तर ‘एफ:’ हा पाथ त्या मशीनपुरताच खरा. अंबडच्या गोदामातल्या मशीनवर तेच शेअर ‘झेड:’ असू शकते. मूळ नेटवर्क पाथ हवा असेल तर एमपीआर डीएलएलमधले डब्ल्यू-नेट-गेट-कनेक्शन वापरा. त्याला ‘एफ:’ एवढेच द्या, बॅकस्लॅश लावू नका. उत्तर 0 आले तर बफरमध्ये सर्व्हर आणि शेअरचे नाव मिळते. 2250 आले तर तो ड्राइव्ह नेटवर्कचा नाही. 234 म्हणजे बफर लहान पडला. व्हिस्टानंतर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवलेल्या प्रोग्रामला साध्या खात्यात जोडलेले ड्राइव्ह बहुधा दिसत नाहीत, म्हणून ‘ॲडमिन म्हणून चालवून बघा’ हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो: एरर 53 च्या जागी 76 येते, म्हणजे पाथच सापडत नाही.

आधीच्या ज्या नोंदींत नुसते नाव आहे, त्यांचे काय करायचे? तिथे शोधण्याला पर्याय नाही. इमेजहेल्प डीएलएलमधले सर्च-ट्री-फॉर-फाइल सोपे आहे: मूळ फोल्डर, नाव आणि 260 अक्षरांचा बफर द्या, सापडले तर पूर्ण पाथ मिळतो. पण ते पहिला सापडलेला पाथ देऊन थांबते. ‘स्कॅन001’ सारखी नावे चार फोल्डरांत असतील तर ते चालणार नाही. सगळे पाथ गोळा करायला हवेत. डिरने रिकर्शन (फोल्डरातून उपफोल्डरात उतरत शोध) करत असाल तर एक खड्डा आहे: डिरला स्वतःची एकच आठवण असते. आतल्या फोल्डरासाठी ते नव्याने बोलावले की बाहेरची यादी पुसली जाते आणि शोध अर्ध्यात संपतो, तोही एरर न देता. आधी एका फोल्डरातली सगळी उपफोल्डरे कलेक्शनमध्ये भरा, डिर पूर्ण संपू द्या, मग एकेकात उतरा. फाइल-सिस्टम-ऑब्जेक्टला ही अडचण नाही. पण ड्राइव्हच्या मुळापासून शोधाल तर ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’वर परवानगीची एरर 70 येईल, ती पकडून पुढे जा. सापडलेले पाथ वेगळ्या टेबलात भरा. एकच पाथ मिळालेल्या नोंदी थेट सुधारा. एकापेक्षा जास्त पाथ मिळाले असतील तर बिल्टीची तारीख आणि फाइलची तारीख ताडून माणसाने ठरवायचे. प्रोग्रामवर सोडू नका.

इथून पुढे साठवताना पूर्ण पाथ जसाच्या तसा साठवू नका असे माझे स्पष्ट मत आहे. दोन भाग करा: स्कॅनचे मूळ फोल्डर प्रत्येक मशीनच्या आयएनआय फाइलीत, आणि त्या फोल्डरापासून पुढचा भाग, ‘नाशिक रोड\2009\बी1047.जेपीजी’ असा, टेबलात. ऑपरेटरने मूळ फोल्डराबाहेरची, पेन ड्राइव्हवरची, फाइल निवडली तर ती आधी आत कॉपी करा, मग नोंद करा. पेन ड्राइव्ह आज ‘ई:’ असतो, उद्या ‘जी:’. निवडलेला पाथ मूळ फोल्डरापासून सुरू होतो का हे तपासताना लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करू नका. स्ट्र-कॉम्पला टेक्स्ट कंपेअर सांगा.

फॉक्सप्रोत काम सुटसुटीत आहे. गेटफाइल पूर्ण पाथ देते, कॅन्सल केल्यास रिकामी स्ट्रिंग. चालू जागा हवी तर सिस(5) ड्राइव्ह देते आणि सिस(2003) डिरेक्टरी, दोन्ही जोडायचे. उघड्या टेबलाचा पाथ डीबीएफ() देते, पण ‘सेट फुलपाथ’ बंद असेल तर त्यातून डिरेक्टरी गळते आणि नुसते ड्राइव्ह व नाव उरते. हे सेटिंग तपासल्याशिवाय डीबीएफ()ला दोष देऊ नका. फुलपाथ() फंक्शन चालू डिरेक्टरीत आणि ‘सेट पाथ’मधल्या फोल्डरांत शोधते, न सापडल्यास चालू डिरेक्टरीला नाव जोडून देते, म्हणजे उत्तर आले याचा अर्थ फाइल आहे असा नाही. फाइल() विचारावे, पण व्हिज्युअल फॉक्सप्रोत एक्झीच्या आत बांधलेल्या फाइलींनाही ते ‘आहे’ म्हणते. एक्झीचे फोल्डर हवे तर व्हिज्युअल फॉक्सप्रो 6 पासून जस्टपाथ(सिस(16,0)). त्याआधी जस्टपाथ हे फॉक्सटूल्स लायब्ररीतून घ्यावे लागायचे.

टर्बो सीमध्ये पहिली झडती स्ट्रिंगची घ्या. लहान अक्षरांत सी:\टीसी\बिन हा पाथ एकेरी बॅकस्लॅशने लिहिला, तर बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब आणि बॅकस्लॅश-बी म्हणजे एक अक्षर मागे. कंपायलर तक्रार करत नाही, एफ-ओपन मात्र नल परत देते. प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहा. मोठ्या अक्षरांत हाच पाथ लिहिला तर \टी आणि \बी यांना असा अर्थ नसतो, पण बॅकस्लॅश तिथेही टिकत नाही; सवय दुहेरीचीच ठेवा. हॅश-इन्क्लूडच्या ओळीत मात्र एकेरीच चालतो.

चालू डिरेक्टरीसाठी गेट-सीडब्ल्यूडी ड्राइव्हसकट पाथ देते; बफर मॅक्सपाथचा, म्हणजे 80. दुसऱ्या ड्राइव्हवरची हवी तर गेट-कर-डिर: इथे 0 म्हणजे चालू ड्राइव्ह, 1 म्हणजे ए. गेट-डिस्कमध्ये मात्र 0 म्हणजे ए. या दोन मोजण्यांत एकाचा फरक आहे आणि तो विसरला की सी ऐवजी बीची डिरेक्टरी येते. शिवाय गेट-कर-डिरच्या उत्तरात ड्राइव्ह नसतो आणि सुरुवातीचा बॅकस्लॅशही नसतो. दोन्ही आपण लावायचे. पाथ तोडायला एफएन-स्प्लिट, जोडायला एफएन-मर्ज. फाइंड-फर्स्टचे एफएफ-नेम फक्त 13 बाइटचे आहे, त्यात पाथ मावणारच नाही. तिथेही फोल्डर आपणच जपायचे. प्रोग्रामचा स्वतःचा पाथ आर्ग-व्हीच्या शून्याव्या घरात मिळतो, डॉस 3.0 पासून पुढे.

अर्धवट पाथ पूर्ण करायला बोर्लंड सी++ 3.1 मध्ये अंडरस्कोअरने सुरू होणारे फुलपाथ आहे. जुन्या टर्बो सीत ते नाही. तिथे इंटरप्ट 21 हेक्सचे फंक्शन 60 हेक्स वापरा. डीएस:एसआयमध्ये नाव, ईएस:डीआयमध्ये 128 बाइटचा बफर, आणि परत आल्यावर कॅरी फ्लॅग तपासायचा. हे फंक्शन सब्स्ट आणि जॉइनने केलेले खोटे ड्राइव्हही उकलून खरा पाथ देते.

हा पावतीचा प्रोग्राम आता 64 बिटच्या विंडोजवर डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालत असेल, तर वरच्या कुठल्याही मार्गाने मिळालेला ‘सी:’ हा माउंट केलेल्या फोल्डराचा आहे, मशीनच्या सी ड्राइव्हचा नाही. व्हीबीच्या प्रोग्रामला तो पाथ द्यायचा असेल तर माउंटच्या ओळीत जे फोल्डर लिहिले आहे ते ‘सी:’च्या जागी घालून मगच द्या.